सायटिकाची कळ घरी शमवताना: विश्रांती की चालणे, शेक की बर्फ, पुढे वाकणे की मागे?

सायटिकामध्ये कळ कमरेतून नितंबात, मांडीच्या मागून पोटरीत आणि कधी थेट पावलापर्यंत उतरते. बहुतेक वेळा कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांजवळची गादी सरकून मज्जातंतूच्या मुळावर दाब येतो, तिथे सूज येते आणि दुखणे सुरू होते. बहुसंख्य रुग्णांना काही आठवड्यांत आपोआप बराच आराम पडतो. तोवर दुखणे सुसह्य व्हावे आणि शरीर हालते राहावे, एवढीच घरगुती उपायांकडून अपेक्षा ठेवावी.

विश्रांती आणि चालणे यांत माझा कौल निःसंशय चालण्याला आहे. कळ असह्य असेल तर एक-दोन दिवस पडून राहण्यास हरकत नाही, मात्र त्याहून अधिक काळ अंथरुणात काढल्यास स्नायू दुबळे होतात आणि आखडलेपण वाढते. सपाट जागेवर थोडे थोडे, दिवसातून अनेकदा चालावे. सलग बसणे बहुतेकांना चालण्यापेक्षा जास्त त्रास देते, म्हणून अर्ध्या तासाच्या आत उठावे. झोपताना कुशीवर असल्यास गुडघ्यांमध्ये, पाठीवर असल्यास गुडघ्यांखाली उशी घ्यावी.

शेक की बर्फ, या वादात फारसे तथ्य नाही. दोन्हींचा परिणाम वरवरचा आणि तात्पुरता असतो. आखडलेल्या स्नायूंना उब बरी वाटते, तीव्र ठणका बर्फाने काहीसा बधिर होतो. जे सुखावेल ते कापडात गुंडाळून 15 ते 20 मिनिटे लावावे. मधुमेहामुळे किंवा अन्य कारणाने त्वचेची संवेदना कमी झाली असेल, तर चटका बसल्याचे कळत नाही, म्हणून दोन्ही टाळावेत.

खरा निर्णय व्यायामाचा आहे, आणि नेमकी तिथेच गल्लत होते, कारण एकाला लाभलेला व्यायाम दुसऱ्याचे दुखणे वाढवू शकतो. बसल्यावर, वाकल्यावर वा खोकल्यावर कळ वाढत असेल, तर पालथे झोपून कोपरांवर हलकेच छाती उचलणे बहुधा मानवते. याउलट उतारवयात, मणक्यातील जागा अरुंद झाल्यामुळे, उभे राहिल्यावर वा चालल्यावर पाय भरून येत असतील आणि पुढे झुकल्यावर बरे वाटत असेल, तर पाठीवर झोपून गुडघे छातीशी घेणे अधिक योग्य ठरते. अशांनी चालतानाही मधूनमधून बसावे. पारख एकच: व्यायामाने कळ पावलाकडून कमरेकडे सरकली तर दिशा बरोबर आहे, मग कमरेत थोडे जास्त दुखले तरी चालेल, ती खाली उतरली किंवा मुंग्या वाढल्या तर तो व्यायाम थांबवावा. मांडीच्या मागचे स्नायू जोर लावून ताणण्याचा मोह सुरुवातीला आवरावा, कारण त्यात चिडलेला मज्जातंतूच ओढला जातो.

वेदनाशामक गोळ्यांचा उपयोग सायटिकात मर्यादित असतो. आयबुप्रोफेनसारखी औषधे पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी, तसेच रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, लघवी अडणे, जननेंद्रिये व गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे, किंवा दोन्ही पायांतील शक्ती जाणे, यांपैकी काहीही जाणवल्यास घरी थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पाऊल उचलता न येणे, ताप किंवा अकारण वजन घटणे, यांतही तपासणी लांबवू नये.