काऊरी हनीपॉट: आठ महिने वापरल्यानंतर

सर्व्हरच्या लॉगमध्ये रोज चुकीच्या लॉगिनचा ढीग दिसतो. यातला एखादा खरंच आत शिरला तर काय करेल, हे बघायचं होतं म्हणून काऊरी बसवला. हा एसएसएच आणि टेलनेट या दुरून लॉगिन करायच्या सेवांचं सोंग घेणारा सापळा, म्हणजे हनीपॉट आहे. आत आलेल्याला लिनक्सचं खोटं शेल (आज्ञा टाइप करायची जागा) मिळतं, खोट्या फाइल दिसतात आणि त्याने टाइप केलेली प्रत्येक ओळ वेळेसकट नोंदली जाते. ते सेशन नंतर व्हिडिओसारखं पुन्हा चालवून बघता येतं. मला हे अजूनही फार आवडतं.

बसवायला लहानसं व्हर्च्युअल मशीन पुरतं. काऊरी मुळात २२२२ पोर्टवर ऐकतो, म्हणून एसएसएचच्या नेहमीच्या २२ पोर्टवर येणारी रहदारी आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलने तिकडे वळवावी लागते. आधी आपलं खरं एसएसएच दुसऱ्या पोर्टवर हलवा, मगच हा नियम लावा. माझा क्रम उलटा झाला, लॉगिन केलं तर मीच सापळ्यात उतरलो आणि कन्सोलवरून सगळं निस्तरावं लागलं. दुसरा धडा डिस्कचा. जेसन लॉग वाढत राहतो. तिसऱ्या महिन्यात डिस्क भरली आणि चार दिवसांच्या नोंदी कायमच्या गेल्या. जुने लॉग आपोआप बाजूला काढणारं लॉग रोटेशन पहिल्याच दिवशी लावून घ्या.

मूळ सेटिंग तसंच ठेवू नका. 'एसव्हीआर०४' हे यंत्राचं नाव आणि 'फिल' हा वापरकर्ता काऊरीच्या प्रत्येक नव्या प्रतीत असतो, त्यामुळे थोडा सावध हल्लेखोर तेवढ्यावरून सापळा ओळखतो. नाव, वापरकर्ते, एसएसएचचा बॅनर (जोडणी होताच दिसणारी ओळख), सगळं बदललं.

आता मुख्य गोष्ट. पहिले काही आठवडे मी फक्त आकडे मोजत होतो: कोणता पासवर्ड किती वेळा, कोणत्या देशातून किती. त्यातून फारसं काही हाती लागत नाही. '१२३४५६' सगळ्यांत पुढे असणार, हे न मोजताही माहीत असतं. खरा माल सेशन वाचण्यात आहे. टेलनेटवर येणारे बॉट (आपोआप हल्ला करणारे प्रोग्राम) बिझीबॉक्सला, म्हणजे लहान उपकरणांतल्या लिनक्स आज्ञांच्या संचाला, मुद्दाम एक निरर्थक शब्द देतात आणि 'ॲप्लेट नॉट फाउंड' हे उत्तर आलं की समजतात, इथे खरं शेल आहे. २०१६च्या मिराई या मालवेअरची ही पद्धत. डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड आजही तितक्याच निष्ठेने ठोठावले जातात.

एसएसएचवरचे पाहुणे वेगळे. ते आधी प्रोसेसरचे कोर मोजतात, कारण आपल्या यंत्रावर क्रिप्टो नाणी खणायची असतात. मग पासवर्डशिवाय परत येता यावं म्हणून आपली चावी 'ऑथराइज्ड कीज' या फाइलमध्ये टाकतात, रूटचा पासवर्ड बदलतात आणि आधीच बसलेले दुसऱ्यांचे मायनर (नाणी खणणारे प्रोग्राम) मारून टाकतात. म्हणजे घरात शिरल्यावर चोराचं पहिलं काम दुसऱ्या चोरासाठी दार लावून घेणं. हे वाचून माहीत होतं, पण ओळीमागून ओळ उमटताना बघणं वेगळं.

काऊरीत एक सोय आहे: दोन-चार चुकीच्या प्रयत्नांनंतर कोणताही एक पासवर्ड स्वीकारायचा आणि त्या पत्त्यासाठी तो लक्षात ठेवायचा. ती चालू केल्यावर एक प्रकार दिसला. एका पत्त्यावरून आलेल्याला पासवर्ड सापडतो आणि तो पाहुणा लगेच निघून जातो. काही तासांनी भलत्याच पत्त्यावरून कुणीतरी येतो आणि पहिल्याच फटक्यात नेमका तोच पासवर्ड देतो. शोधणारे वेगळे, वापरणारे वेगळे. एकच आयपी पत्ता ब्लॉक करून समाधान मानणं मी तेव्हापासून सोडलं.

एका बाबतीत काळजी घ्या. हल्लेखोराने 'डब्ल्यूगेट' ही फाइल उतरवायची आज्ञा चालवली की काऊरी ती फाइल खरोखरच उतरवतो, म्हणजे बाहेर जाणारी विनंती आपल्या पत्त्यावरून जाते. हे मशीन बाकीच्या नेटवर्कपासून तोडून ठेवा आणि बाहेरच्या जोडण्यांवर मर्यादा घाला. उतरलेली फाइल तिच्या शा-२५६ हॅशच्या (मजकुरावरून काढलेल्या ठशाच्या) नावाने साठते, त्यामुळे तोच नमुना शंभरदा आला तरी प्रत एकच राहते. सोबत डायोनिया हा दुसरा हनीपॉटही लावला होता. विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या ४४५ पोर्टवर तो बरंच पकडतो, पण मिळणारे नमुने जुन्याच वळणाचे, म्हणून दोन महिन्यांनी बंद केला.

पाचव्या महिन्यात दुसरा काऊरी ऑफिसच्या आतल्या नेटवर्कमध्ये ठेवला. इथे कुणाचंच काही काम नाही, त्यामुळे एकही जोडणी आली तरी ती तपासायची. सहा आठवडे पूर्ण शांतता. मग एका रात्री एका सहकाऱ्याच्या डेस्कटॉपवरून एसएसएचचे प्रयत्न सुरू झाले. अँटिव्हायरस गप्प होता. सकाळी मशीन नेटवर्कवरून काढलं, तपासलं, त्यात नको ते निघालं. बाहेरच्या सापळ्याने मला हल्लेखोरांची रीत शिकवली, पण माणसाची झोप वाचवली ती या आतल्या, बहुतेक काळ मुक्या बसलेल्या यंत्राने.

क्लिफर्ड स्टॉल यांनी १९८६मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ७५ सेंटच्या हिशेबातल्या फरकावरून घुसखोर हेरला आणि पुढे त्याला लाइनवर गुंतवून ठेवायला बनावट कागदपत्रांचं आमिष मांडलं. तेच आता आमच्याकडे करतोय. आतल्या काऊरीच्या खोट्या फाइलसिस्टिममध्ये बॅकअपच्या पासवर्डची एक बनावट फाइल ठेवली आहे. तो पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला दिसला, तर मला फोनवर सूचना येईल.