एअरडेल टेरियरचा स्वभाव ओळखणारा प्रशिक्षणवर्ग

एअरडेल टेरियर पाळणाऱ्याने कोणत्याही वर्गात कुत्र्याचे नाव घालण्यापूर्वी तिथला प्रशिक्षक या जातीचा पूर्वेतिहास जाणतो का, हे पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, बिंगली गावाजवळ भरणारा हा वर्ग आम्हाला आवडला तो याच कारणाने.

पहिल्या दिवशी कुत्र्याला घरी ठेवून केवळ मालकांनी यावे, असा इथला नियम आहे. प्रशिक्षकबाई त्या दिवशी एकही आज्ञा शिकवत नाहीत. ही जात कशासाठी घडवली गेली, ते सांगतात. एअर नदीच्या याच खोऱ्यात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, गिरण्यांतील कामगारांनी ती घडवली. त्यांच्याजवळचे राठ केसांचे टेरियर, म्हणजे बिळातल्या प्राण्यांची शिकार करणारे चपळ कुत्रे, उंदरांवर तुटून पडत, परंतु पाण्यात त्यांचा टिकाव लागत नसे. म्हणून पोहण्यात तरबेज आणि नाकाने तीक्ष्ण अशा ऑटरहाउंड या पाणमांजराच्या शिकारी कुत्र्याशी त्यांचा संकर करण्यात आला. शनिवारी काम सुटले की नदीकाठी स्पर्धा रंगत. काठावरच्या कोणत्या बिळात उंदीर आहे हे कुत्र्याने हुंगून दाखवायचे, मग त्यात फेरेट हा मुंगसासारखा पाळीव प्राणी सोडला जाई, उंदीर पाण्यात उडी घेई आणि कुत्रे पोहत त्याचा पाठलाग करीत. प्रत्येक पावलाला मालकाच्या तोंडाकडे पाहणारा कुत्रा तिथे कामाचाच नव्हता. पुढे ‘वॉटरसाइड टेरियर’, ‘बिंगली टेरियर’ ही नावे मागे पडून एअरडेल हे नाव रूढ झाले आणि १८८६ मध्ये कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लब या संस्थेने जातीला मान्यता दिली. पहिल्या महायुद्धात लेफ्टनंट कर्नल एडविन रिचर्डसन यांनी निरोप पोहोचवण्यासाठी जे कुत्रे तयार केले, त्यांतही एअरडेल होते. तोफांच्या माऱ्यातून, सोबत माणूस नसताना, वाट काढणे हे ते काम होते.

आमच्या एअरडेलचे, बाजीचे वागणे या माहितीच्या उजेडात नीट उलगडले. याआधीच्या एका वर्गात ‘बस’ ही एकच आज्ञा सलग घोटून घेतली जाई; बाजी दोनदा बसे, तिसऱ्यांदा मान वळवून खिडकीबाहेर पाही, आणि त्याला हट्टी ठरवून पट्ट्याला हिसका दिला जाई. इथे तो कंटाळू लागला की बाई तत्काळ काम बदलतात. जुन्या कपड्यात गुंडाळलेला खाऊ खुर्च्यांच्या रांगेत लपवून ‘शोध’ म्हणताच त्याच्या नाकपुड्या थरथरू लागतात, आखूड दाढी जमिनीला घासत तो एकेक खुर्ची तपासतो, आणि वस्तू सापडल्यावर न सांगता समोर येऊन बसतो. पाठ तोच, पण त्याला तो पटलेला असतो.

तरीही ही जात सर्वांसाठी आहे, असा दावा त्या करीत नाहीत, हे मला विशेष मोलाचे वाटते. टेरियर जातींमध्ये एअरडेल सर्वांत उंच; नराची खांद्यापर्यंतची उंची ५८ ते ६१ सेंटिमीटर भरते आणि अंगात रगही तशीच असते. घरच्या माणसांशी तो अतिशय लाघवी असला, तरी दुसऱ्या कुत्र्याने कुरापत काढल्यास माघार घेणे त्याच्या स्वभावात नाही. खार किंवा मांजर दिसली की हाक कानावर पडूनही पडत नाही. यासाठी त्या लांब दोरीवर, सीटीच्या इशाऱ्याने परत बोलावण्याचा सराव करून घेतात आणि हा सराव पक्का होईपर्यंत उघड्या माळावर कुत्रा मोकळा सोडू देत नाहीत. शिस्त इथे आहेच, आणि ती कडक आहे; फक्त तिच्यात मारझोड नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. सभागृहाची फरशी गुळगुळीत असल्याने वळताना कुत्र्यांचे पाय घसरतात. तिथे रबरी चटया अंथरणे अत्यंत आवश्यक आहे. वर्ग कामाच्या दिवशी संध्याकाळी असल्यामुळे लीड्सहून नोकरी उरकून येणाऱ्यांची ओढाताण होते. राठ केस यंत्राने न कापता बोटांनी उपटून काढण्याची पद्धत एकदा तरी प्रत्यक्ष दाखवली जावी, अशीही माझी मागणी आहे, कारण कापत राहिल्यास केस मऊ पडतात आणि रंग फिका होतो.

शुल्क इतर वर्गांपेक्षा थोडे अधिक आहे. मला ते रास्त वाटते. पिल्लू घरी आणण्याच्या विचारात असलेल्यांनाही मालकांच्या पहिल्या बैठकीस बसू देतात, त्यांनी ती संधी अवश्य घ्यावी.