रेड ‘ऑप्टिमल’, आत ५८ हजार तास चाललेल्या डिस्क: सर्व्हरचे ‘नवीन’ ड्राइव्ह घेताना माझं काय झालं

आधी आकडा सांगून टाकतो: ३,८७,२७६ रुपये. दोन रिफर्बिश्ड डेल आर७३० सर्व्हर, प्रत्येकी १,०५,०००. बारा ‘ब्रँड न्यू, सीलपॅक’ सॅस ड्राइव्ह (सर्व्हरच्या हार्ड डिस्क), १.२ टीबी, दहा हजार आरपीएम, प्रत्येकी ९,५००. दर ड्राइव्हच्या ‘हेल्थ रिपोर्ट’चे ३५० वेगळे, म्हणजे ४,२००. वर अठरा टक्के जीएसटी. सर्व्हर जुने आहेत हे ठाऊक होतं, मी तसेच मागवले होते, त्याबद्दल तक्रार नाही. ड्राइव्ह मात्र नवे सांगून गळ्यात मारले, आणि ते किती नवे आहेत हे दाखवणाऱ्या कागदाचे पैसेही माझ्याकडूनच घेतले. या ४,२०० रुपयांचा राग बाकीच्या पावणेचार लाखांपेक्षा जास्त येतो.

नाशिकला माझा आयटी सपोर्टचा छोटा व्यवसाय आहे. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याला टॅली, ईआरपी आणि हजेरीचं सॉफ्टवेअर व्हर्च्युअल मशीनवर (एका सर्व्हरमधले आभासी संगणक) टाकून द्यायचं होतं. बजेट मालकांनी ठरवलेलं, नव्या सर्व्हरचं कोटेशन बघून त्यांनी हात जोडले होते. मुंबईचा हा डीलर ओळखीतूनच आला, आधी त्याच्याकडून रॅम आणि नेटवर्क कार्डं घेतलेली, सगळी नीट चाललेली. त्यामुळे ‘स्वस्ताच्या मागे लागलास’ असं कुणी म्हणू नये. ९,५०० हा काही फुकटचा भाव नव्हता, बाजारात तेव्हा तोच चालला होता.

माल आला. अँटिस्टॅटिक पिशव्या बंद, लेबलं कोरी करकरीत. रेड ५ (अनेक डिस्कची मिळून एक मोठी डिस्क, त्यातली एक गेली तरी डेटा टिकतो, दोन गेल्या की संपलं) आणि एक हॉट स्पेअर (राखीव डिस्क) त्यानेच सर्व्हरमध्ये आधी लावून, ड्राइव्ह पुन्हा पिशव्यांत घालून पाठवले होते, ‘सर, तुम्ही फक्त प्रॉक्समॉक्स टाका’ (म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारी सिस्टिम). सोबत ‘हेल्थ रिपोर्ट’ची पीडीएफ. बारा पानं, प्रत्येक पानावर एक ड्राइव्ह. स्टेट ऑनलाइन, मीडिया एरर शून्य, प्रेडिक्टिव्ह फेल्युअर शून्य, स्मार्ट (ड्राइव्ह स्वतः ठेवतो ती तब्येतीची नोंद) अलर्ट ‘नो’. खाली शिक्का आणि सही.

या धंद्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, तरी बाकीच्यांसाठी सांगतो. हा रिपोर्ट म्हणजे कंट्रोलरच्या (रेड सांभाळणाऱ्या कार्डाच्या) पर्कसीएलआय कमांडचं जसंच्या तसं आउटपुट होतं. त्यात ड्राइव्ह किती तास चालला हे येतच नाही. प्रेडिक्टिव्ह फेल्युअरचा आकडा वाढतो तो ड्राइव्हने स्वतः ‘मी चाललो’ म्हणून हात वर केल्यावर. तोपर्यंत साठ हजार तास चाललेला ड्राइव्हही तिथे शून्यच दाखवतो. ऑपरेटिंग सिस्टिमला तर कंट्रोलरने बनवलेली एकच मोठी डिस्क दिसते, मागच्या सहा दिसतच नाहीत. प्रॉक्समॉक्सच्या डिस्क यादीत स्मार्टपुढे ‘अननोन’ लिहून येतं आणि हार्डवेअर रेडवाल्यांना ते बघायची इतकी सवय झालेली असते की कुणी ढुंकूनही बघत नाही.

आता तो क्षण. आयड्रॅकमध्ये (डेल सर्व्हरची अवस्था ब्राउझरमधून दाखवणारी सोय) फिजिकल डिस्कचं पान उघडून मी सिरीयल नंबर बघत होतो. त्याच पानावर खाली उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष असतं. आठवडा ३४, वर्ष २०१५. दुसरा ड्राइव्ह, ३४, २०१५. तिसरा, ३६, २०१५. मी २०२४ मध्ये बसून हे वाचत होतो. वाचलं, थांबलो, स्क्रीनशॉट काढून त्याला व्हॉट्सॲपवर पाठवला. पाच मिनिटांत उत्तर: ‘सर, न्यू ओल्ड स्टॉक आहे. गोदामात पडून होता, म्हणून तर हा रेट मिळतोय. झीरो अवर्स. रिपोर्ट दिलाय ना?’ आणि मी ‘ओके’ लिहिलं. तो ‘ओके’ अजून त्या चॅटमध्ये आहे. रात्री झोप लागत नाही तेव्हा उघडून बघतो.

पण मी म्हणतो, यात पटण्यासारखं काय नव्हतं? न्यू ओल्ड स्टॉक हा प्रकार खरंच असतो. कंपन्या स्पेअर म्हणून डिस्क घेऊन ठेवतात, मॉडेल बंद पडतं, डबे तसेच विकले जातात. पिशवी सीलबंद होती. ड्राइव्हच्या कडेच्या स्क्रूच्या भोकांभोवती गोल ओरखडे होते, म्हणजे कॅडीत (सर्व्हरमध्ये ड्राइव्ह बसवायच्या चौकटीत) एकदा बसून निघालेला, तेही मी विचारलं होतं. ‘टेस्टिंग’ म्हणाला. सिरीयल नंबर डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर टाकला तर ‘ओईएम माल आहे, जिथून घेतला तिथे विचारा’ असं आलं. सर्व्हर कंपन्यांना पुरवलेल्या ड्राइव्हचं तसंच येतं, त्यात संशय घेण्यासारखं काहीच नसतं. प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे खरं वाटेल असं उत्तर तयार होतं. असा माणूस रोज हेच करत असणार, मी दिवसभर दहा कामं करतो.

साडेसात महिने चाललं. मग एका ड्राइव्हने मान टाकली, हॉट स्पेअरवर रिबिल्ड सुरू झालं आणि अर्ध्यात दुसऱ्या ड्राइव्हवर वाचता न येणारे इतके सेक्टर निघाले की तोही बाद झाला. रेड ५ मध्ये याचा अर्थ काय ते ठाऊक असलेल्यांनी इथेच कपाळाला हात लावला असेल. व्हर्च्युअल डिस्क ‘फेल्ड’, म्हणजे अख्खा रेड गेला. एकाच लॉटचे, सारखंच वय झालेले ड्राइव्ह एका रेडमध्ये असले की एक गेल्यावर दुसरा जायला मुहूर्त लागत नाही. टॅलीचा बॅकअप कारखान्याच्या अकाउंटंट ताई रोज पेनड्राइव्हवर घेऊन घरी नेत होत्या म्हणून तो वाचला. ईआरपीचा बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर होता, त्याच बारामधल्या उरलेल्या सहांवर, आणि तिथली फाइलसुद्धा फाटलेली निघाली. डेटा रिकव्हरीला पुण्यात ८५,००० अधिक जीएसटी, १,००,३०० रुपये मोजले. एकूण ४,८७,५७६. मालकांनी एक पैसा दिला नाही आणि त्यांनी का द्यावा?

दुसऱ्या सर्व्हरवर मग मी ती कमांड चालवली, जी आधीच चालवायला हवी होती: स्मार्टसीटीएल, ड्राइव्हची स्मार्ट नोंद वाचणारी. स्मार्टसीटीएलला ‘डॅश डी मेगारेड, स्वल्पविराम, ड्राइव्हचा क्रमांक’ एवढं जोडलं की ते कंट्रोलरच्या पलीकडे जाऊन प्रत्यक्ष ड्राइव्हला विचारतं. प्रॉक्समॉक्समध्ये ते आधीपासून असतंच, काही डाउनलोड करावं लागत नाही. क्रमांक माहीत नसतील तर ‘स्कॅन’ म्हटलं की यादी येते. पहिल्याच ड्राइव्हवर ‘ॲक्युम्युलेटेड पॉवर ऑन टाइम’: ५८,४१७ तास. साडेसहा वर्षांपेक्षा जास्त, अखंड. ‘ग्रोन डिफेक्ट लिस्ट’मध्ये (वापरात खराब झालेल्या जागा) २१२. पुढच्यावर ५६,०९० तास, डिफेक्ट १,९०६. सहापैकी एकही ५० हजारांच्या आत नाही.

गाडी विकणारा निदान मीटर मागे फिरवतो. याने तेवढेही कष्ट घेतले नव्हते, कारण रेडच्या मागे कुणी बघत नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेट कंपनीचे सर्व्हरसाठीचे जुने एक्सॉस ड्राइव्ह नवे म्हणून विकल्याचं उघड झालं, चिया नावाच्या क्रिप्टोच्या खाणकामातून आलेले असावेत असा संशय होता. तिथल्या लबाडांनी स्मार्टचे तास तरी पुसले होते. सीगेटच्या फार्म नावाच्या वेगळ्या नोंदीत खरे तास उरले म्हणून पकडले गेले. (ती नोंद स्मार्टसीटीएलच्या ७.४ आवृत्तीपासून वाचता येते. एक्सॉस घेणाऱ्यांनी दोन्ही आकडे जुळवून बघा.)

आणखी एक गोष्ट तेव्हाच सापडली. कंट्रोलर मोकळ्या वेळात ड्राइव्ह स्वतःहून वाचून तपासतो, त्याला पेट्रोल रीड म्हणतात. दोन्ही सर्व्हरवर ते बंद केलेलं होतं. मी त्याला हात लावला नव्हता. ते चालू असतं तर खराब सेक्टर बहुधा बरेच आधी बाहेर आले असते. आता याला कुणी गैरसमज म्हणणार असेल तर म्हणो.

डीलर आधी ‘बघतो सर’, मग ‘रेड ५ लावायलाच नको होतं’ (लावला कुणी?), मग फोन उचलणं बंद.

पोलीस स्टेशन. साहेबांचं पहिलं वाक्य, ‘हार्ड डिस्क मिळाली ना तुम्हाला? चालू पण झाली ना? मग फसवणूक कशी?’ मी तासांचा प्रिंटआउट पुढे केला. तो उलटा धरून त्यांनी परत दिला. ‘दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा.’ भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे असं म्हटल्यावर ‘तुम्ही वकील आहात का?’ सायबरला गेलो. तिथे पैसे ऑनलाइन चोरीला गेले असतील तरच, तुम्ही तर स्वतःहून एनईएफटी केलं. १९३० या सायबर हेल्पलाइनवर हेच. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मुलीने नीट ऐकून घेतलं आणि मग बिलावर जीएसटी नंबर आहे म्हणजे व्यापारी हेतूने खरेदी, २०१९ च्या कायद्यात तुम्ही ग्राहक बसत नाही, असं सांगितलं. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला त्यात सूट आहे, पण मी दोन पोरं कामाला ठेवली आहेत म्हटल्यावर तिने मला व्यापारीच धरलं. जीएसटीवाले म्हणाले, त्याने कर भरलाय, माल जुना की नवा ते आम्ही बघत नाही. एमएसएमईचं (लहान उद्योगांसाठीचं) समाधान पोर्टल विकणाऱ्याची अडकलेली बिलं वसूल करायला होतं, घेणाऱ्याला तिथे दारच नव्हतं.

वकिलांनी नोटिशीचे ५,००० घेतले. रक्कम तीन लाखांच्या वर, म्हणून व्यावसायिक न्यायालय, आणि तिथे दाव्याच्या आधी मध्यस्थी सक्तीची. समोरचा मध्यस्थीला आलाच नाही तर? ‘मग नॉन-स्टार्टर रिपोर्ट मिळतो, तो लावून दावा करायचा.’ म्हणजे न येणं हाही त्याच्या सोयीचा एक टप्पा. सध्या आम्ही त्याच टप्प्यावर आहोत.

बिलावर ‘एचडीडी १.२ टीबी सॅस’ एवढंच आहे. ‘नवीन’ हा शब्द फक्त व्हॉट्सॲपवर. तुमच्या पर्चेस ऑर्डरमध्ये ‘नवीन, पॉवर ऑन तास दहाच्या आत’ असं लिहा आणि बिलावर प्रत्येक ड्राइव्हचा सिरीयल नंबर घ्या, नाही देत म्हणाला तर उठून या. एचपीचा स्मार्ट ॲरे कंट्रोलर असेल तर कमांडमध्ये मेगारेडच्या जागी ‘सीसीआयएसएस’ लिहायचं. ईएसएक्सआयवर (प्रॉक्समॉक्ससारखीच दुसरी सिस्टिम) स्मार्टसीटीएल मिळत नाही आणि त्याची स्वतःची स्मार्ट कमांड रेडच्या डिस्कवर काही कामाचं दाखवत नाही, तेव्हा ईएसएक्सआय टाकायच्या आधी लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून आकडे काढून ठेवा. एसएसडी असेल तर तासांसोबत ‘पर्सेंटेज यूज्ड’ (किती टक्के आयुष्य वापरून झालं) बघा. आयड्रॅकचा लॉग कोरा मिळाला तर तो कुणी कोरा केला ते विचारा. डीलरने लावून दिलेला रेड पुसून स्वतः लावा, पेट्रोल रीड चालू आहे ना ते बघा, आणि अलर्टचा ईमेल खरंच येतो का ते एक ड्राइव्ह ओढून तपासा, अर्थात डेटा टाकायच्या आधी.

आणि काहीही निघालं तरी डीलरला फोन नंतर. आधी बाराही ड्राइव्हचा पूर्ण रिपोर्ट फाइलमध्ये, लेबलांचे फोटो, दोन साक्षीदारांच्या सह्या. मी तापलो होतो, फोन आधी केला. ‘रिप्लेसमेंटसाठी पाठवा सर’ म्हणाला म्हणून सर्वात खराब तीन कुरियरने पाठवून दिले, २८,५०० रुपयांचा माल. आठ दिवसांनी मेसेज आला: ‘हे सिरीयल नंबर आमच्या बिलावर नाहीत.’ ते तीन ड्राइव्ह अजून त्याच्याकडेच आहेत, त्यामुळे कुणाला नव्या पिशवीत ३४ वा आठवडा, २०१५ दिसला तर मला कळवा.