कोर्टाजवळची शेवभाजी, तोंडी लावायला पोलिसी भाषा

जळगावात कोर्टाजवळ बाकडे टाकलेलं एक छोटं जेवणाचं दुकान आहे, तिथल्या शेवभाजीला पाचपैकी साडेतीन. रस्सा झणझणीत, तर्री भरपूर, पण शेव आधीच टाकून ठेवतात म्हणून उशिरा गेलात तर नुसता लगदा, वेगळी मागा, देतात. कळण्याची भाकरी अन ठेचा मात्र एक नंबर भो.

पण खरं सांगू का, मी जातो ते ऐकायला. वकील, साध्या कपड्यातले पोलीस, खेड्यावरून आलेली माणसं सगळी एकाच बाकावर, आणि नुसतं 'अटक झाली' असं कोणीच म्हणत नाही. पोलीसवाला म्हणणार 'रात्री उचलला, सकाळी अटक दाखवली'. आता उचलणं अन दाखवणं यात फरक काय तर अटकेपासून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं ना, म्हणून कागदावर अटक उशिरा दाखवायची. वकिलांचं वेगळंच, 'पीसीआर संपू द्या, एमसीआर झाला की जामीन टाकू', म्हणजे आधी पोलीस कोठडी मग न्यायालयीन. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, गुन्हा होण्याआधीच खबरदारी म्हणून अटक करायचं कलम १५१ चं १७० झालं, तरी बाकावर अजून 'एकशेएक्कावन केली'च चालतं. मित्रमंडळी असली की 'मामाच्या घरी गेलाय', 'बिनभाड्याच्या खोलीत'. आणि घरची माणसं? ती फक्त 'पोऱ्याले लई ग्यात' (पोराला घेऊन गेले) एवढंच बोलतात, तेही हळू आवाजात.

भजी ज्या पेपरात बांधून देतात त्यात तर 'मुसक्या आवळल्या' नाहीतर 'जेरबंद' ठरलेलं. जेरबंद हा मूळ फारसी, घोड्याने मान वर झटकू नये म्हणून छातीखालून जो पट्टा बांधतात तो! आता यावलकडचा बिबट्या पण जेरबंद अन मंगळसूत्रचोर पण जेरबंद. तुरुंग शब्द पण बाहेरचाच, पोर्तुगीजांच्या 'ट्रोंको'वरून आलेला, त्यांचा ट्रोंको म्हणजे आधी झाडाचं खोड, मग पाय अडकवायचा लाकडी खोडा, मग कैदखाना.

चहा घेऊ नका, पाणचट आहे. रिमांडच्या टायमाला बसायला जागा मिळत नाही, त्याच्या आधी जा. आणि गाडी रोडवर लावू नका, ट्रॅफिकवाले उचलतात, दाखवत पण नाहीत.