कुत्रा केबिनमध्ये की हौद्यात, पिंजऱ्यात?
भाच्याने नवी पिकअप घेतली. सासवडहून शेतावर रोजची जा-ये, सोबत पंचवीस किलोचा मोती. परवा फोन आला, "मामा, मोतीला पुढे बसवू की हौद्यात पिंजरा ठेवू?" नुसता हौद्यात बांधायचा तर विषयच नको. आखूड साखळीला बांधलेला कुत्रा फाळक्यावरून उडी मारतो आणि गळफास लागल्यासारखा बाहेर लटकतो.

खर्चात केबिन स्वस्त. छातीपट्टा आणि तो सीटबेल्टला अडकवायची दोरी हजार-दीड हजारात बसते. दोरी गळपट्ट्याला मात्र लावायची नाही. ब्रेक दाबला की मानेला हिसका बसतो. पिंजरा वेल्डरकडून करून घ्यावा लागतो, त्याला पैसे जास्त. त्यात कुत्र्याला उभं राहून वळता आलं पाहिजे, आणि चारही कोपरे हौद्याच्या हुकांना आवळायचे.

खरा फरक उन्हाचा. मे महिन्यात दुपारी हौद्याच्या पत्र्याला तळहात लावून बघ. कुत्र्याला घाम जेमतेम पंजांनाच येतो, अंग थंड करायचं ते धापा टाकून. पिंजऱ्यात रबरी चटई, वर सावली केलीस तरी दुपारी नकोच. केबिनमध्ये काच खाली करता येते, पण डोकं बाहेर काढू द्यायचं नाही, डोळ्यात खडी जाते.

केबिनची अडचण जागेची. आणि केस! सीटवर जुनी गोधडी टाक.

एकटा जाणार असशील तर केबिनच. सोबत माणसं, मोती चिखलात लोळलेला आणि सकाळचा गार, जवळचा रस्ता असेल, तर पिंजरा.