ओपलसाठी सिलिका: पावडर नको, बाटली घ्या

मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका केमिकलवाल्याकडे एकसारख्या मापाचे सिलिकाचे गोळे दोन रूपांत मिळतात: कोरडी पावडर आणि पाण्यातलं दुधाळ सस्पेन्शन. दोन्हींवर २४० नॅनोमीटर छापलंय. फोटॉनिक क्रिस्टल (रंगद्रव्याशिवाय, नुसत्या रचनेमुळे ठरावीक रंग परत पाठवणारा पदार्थ) म्हणून वापरायचा ओपल, म्हणजे या गोळ्यांचा शिस्तीत रचलेला थर, करायचा असेल, तर पावडरच्या वाटेला जाऊ नका. स्वस्त आहे, पण वाळवतानाच तिचे गोळे एकमेकांना चिकटलेले असतात. अर्धा तास सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी हलवणाऱ्या यंत्रात) ठेवूनही काही जोड्या सुटत नाहीत आणि अशी एक जोडी थरात शिरली की आजूबाजूची रचना मोडते. थर खडूसारखा पांढरा दिसतो, रंग असलाच तर ठिपक्यांपुरता.

सस्पेन्शन मात्र चोख आहे. समोरून पाहताना परत येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी गोळ्याच्या व्यासाच्या साधारण २.२ पट असते, म्हणजे २४० ला ५३० नॅनोमीटरच्या आसपास, हिरवा. (२०० चे गोळे निळा देतात, २८० चे नारिंगी.) बाटलीतल्या मालाने हिरवाच दिला, तिरकं धरल्यावर निळ्याकडे सरकणारा. खात्रीसाठी थरावर ग्लिसरीनचा थेंब टाका. ग्लिसरीनचा अपवर्तनांक १.४७, सिलिकाचा १.४५ च्या जवळ, त्यामुळे रंग जवळजवळ पुसला जातो. रंगद्रव्याचा रंग असा जाणार नाही.

बाटलीसोबतचा सूचनांचा कागद मात्र बाजूला ठेवा. त्यात उंच नळीत ओतून ‘काही दिवस’ गाळ बसू द्या असं म्हटलंय. या मापाचा गोळा पाण्यात दिवसाला जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर उतरतो. पाच सेंटिमीटरच्या स्तंभाला अडीच-तीन आठवडे लागणार, वाळवण वेगळंच.

त्यापेक्षा थर काचेच्या स्लाइडवर चढवा. सस्पेन्शन सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गोळे तळाशी बसवा, वरचं पाणी ओतून द्या, ॲब्सोल्यूट अल्कोहोल घालून हलवा, असं तीनदा. सिलिकाचं प्रमाण वजनाने १ टक्का ठेवा. साबणाने आणि मग अल्कोहोलने धुतलेली स्लाइड छोट्या बीकरमध्ये जवळजवळ उभी करा. अल्कोहोल उडत जातं तसा त्याच्या कडेला थर बसत जातो. घाईने साध्या ओव्हनमध्ये ठेवू नका, अल्कोहोलची वाफ आणि तापलेली तार यांचं जमत नाही. मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम उघड्या खिडकीच्या खोलीत होतच नाही: अल्कोहोल हवेतली ओल ओढून घेतं, उडण्याचा वेग बदलत राहतो आणि थरावर आडवे पट्टे उमटतात. एसी खोली हवी, पण झोत थेट नको. बीकरवर भोकं पाडलेलं खोकं उपडं घाला. पंप, मिक्सर, काहीही थरथरणारं त्या टेबलावर नको.

तडे जातातच. वाळताना थर आकसतो, काच आकसत नाही. जाड थराला जास्त जातात, म्हणून काही मायक्रॉनवर समाधान माना. नंतर मफल फर्नेसमध्ये (प्रयोगशाळेतल्या बंद भट्टीत) मिनिटाला एक अंश या वेगाने ६०० अंशांपर्यंत न्यायचं असेल तर स्लाइड क्वार्ट्झची घ्या, साधी काच त्याआधीच वाकते. गोळे थोडे आकसून रंगही किंचित निळ्याकडे जातो.

दुकानाबद्दल तक्रार एकच: बॅचचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो आपणहून देत नाहीत. मागून घ्या. मापातला फरक पाच टक्क्यांच्या वर दिसला तर बाटली परत करा. फ्रीझरमध्ये ती कधीच ठेवू नका, एकदा गोठली की गुठळ्या सुटत नाहीत. माल १० टक्क्यांचा आहे, त्यामुळे २० मिलिलीटरच्या एका बीकरला साधारण २ मिलिलीटर लागतं. ५० मिलिलीटरची बाटली पंचवीसेक वेळा पुरते.