निनवे: योनाचं आणि नहूमचं

शहर एकच, अश्शूरी साम्राज्याचं निनवे, आजच्या इराकमधल्या मोसुलजवळचं. बायबलच्या जुन्या करारातल्या योना आणि नहूम या दोन संदेष्ट्यांच्या पुस्तकांत न्याय मात्र दोन तऱ्हांचा.

योनाच्या पुस्तकात शहराला ४० दिवसांची मुदत मिळते. राजा सिंहासन सोडून राखेत बसतो, माणसंच काय, गुरंढोरंही गोणपाट पांघरतात, आणि देव ठरवलेली शिक्षा मागे घेतो. चिडतो तो संदेष्टा योनाच! नहूमकडे ना मुदत, ना पश्चात्तापाचं आवाहन. चाबकांचे फटकारे, चाकांचा खडखडाट, प्रेतांचे ढीग. नो-आमोनसुद्धा पडलं, मग तू कोण लागून गेलीस, असं तो निनवेला खडसावतो. इजिप्तमधलं ते शहर अश्शूरनेच इ.स.पू. ६६३च्या सुमारास लुटलं होतं. पुढे इ.स.पू. ६१२मध्ये बाबेल आणि मेदी सैन्यांनी निनवे पाडलं.

कविता म्हणून नहूम सरस, यात मला शंका नाही. त्याच्या आनंदाला नावं ठेवणंही सोपं नाही. अश्शूरचा जाच सोसलेल्यांचा तो आवाज आहे. पण जास्त अडचणीत टाकतो तो योना, कारण तिथे क्षमा शत्रूला मिळते.

दोन्ही पुस्तकं प्रश्नावर संपतात. योनात देव विचारतो, १,२०,००० हून अधिक माणसांची आणि एवढ्या गुरांची मी कीव करू नये का? नहूम अश्शूरच्या राजालाच विचारतो, तुझ्या दुष्टपणाचा मार कोणाला बसला नाही?